लाल दोऱ्याचा झगा

त्या संध्याकाळी धाकटीला घरात पहिल्यांदा खुर्ची मिळाली.

एरवी बाहेरच्या खोलीत माणसं जमली की खुर्च्या एकानं कमी पडायच्या, आणि ती एक नेमकी धाकटीची असायची. ती आपली दाराच्या चौकटीला टेकून उभी. लग्न होऊन आल्यापासून तिनं ती चौकट इतकी धरून ठेवली होती, की नवरा म्हणायचा, "तू बाजूला झालीस तर घर पडेल गं!" नवरा आता जहाजावर होता. कधीमधी फोन लागायचा, त्यात नुसती घरघर, आणि "सगळं ठीक ना?" एवढं विचारून झालं की तुटायचा. ठीक, म्हणायची ती. दुसरं काय म्हणणार?

आज मात्र थोरल्या दिरांनी, दादांनी, स्वतः उठून खुर्ची पुढं केली. नणंदेनं पाठीवरून हात फिरवला. चहाचा पहिला कप तिच्या हातात आला, तोही साय बाजूला काढून. इतकी माया एकदम अंगावर आली की तिला हुंदकाच फुटला. सगळ्यांना वाटलं, आईचं काळीज आहे. रडू दे, रडू दे, म्हणाले. आणि ती रडता रडता मनात म्हणत होती, देवा, यांना कळलं तर!

कारण झगा तिनंच उसवला होता.

शाळेच्या नाटकात राणी कोण होणार, याची आज सकाळी शेवटची निवड होती. भल्याभल्यांच्या पोरी गळल्या आणि उरल्या कोण? तर एकाच घरातल्या दोघी चुलतबहिणी. थोरल्या जावेची मिरची आणि धाकटीची मनी. सभागृहात सगळे पालक बसलेले. आधी मनी आली. शेवटच्या भाषणात राणी दोन्ही हात वर करून प्रजेला साद घालते, तिथं पोरीनं हात वर केले आणि काखेपासून कमरेपर्यंत झगा टरटर उसवत गेला. आत जुना बनियन. आधी एक कुणीतरी हसलं, मग मागच्या रांगा, मग सगळं सभागृह. मनी पळाली नाही. हात खाली घेऊन तशीच उभी राहिली, शेवटी कुणीतरी पडदा ओढला आणि निवड तिथंच थांबली. घरी आल्यापासून ती आतल्या खोलीत कडी लावून बसली होती.

"हे आपोआप झालेलं नाही," नणंद म्हणाली. ती त्याच शाळेत शिकवायची, त्यामुळे घरातही तिचा आवाज वर्गातलाच. "मी शिवण बघितली आहे. पक्की टीप ब्लेडनं उसवलीय आणि वर कच्चा धावदोरा घातलाय, लांब लांब टाक्यांचा. म्हणजे खुंटीवर कळू नये आणि अंगात घातल्यावर फाटावं! मुख्याध्यापिकाबाईंनी मला आत बोलावून विचारलं, तुमच्या घरात चाललंय तरी काय? ज्या आईनं हे केलं असेल तिच्या मुलीचं नाव शाळेतून काढणार म्हणाल्या. उद्या मला उत्तर द्यायचंय."

"आपल्याच घरातलं कशावरून?" दादा चाचरत म्हणाले. दादांचं चष्म्याचं दुकान. गावाला नंबर काढून देणारा हा माणूस, पण घरातलं त्याला कधी काही दिसलं नाही.

"झगे घराबाहेर गेलेच कुठं होते दादा? आईच्या शिवणखोलीत टांगलेले होते. सकाळी पिशवीत घातले आणि थेट शाळेत."

सासूबाई शिवणाच्या मशीनला पाठ टेकून खाली बसल्या होत्या; उजेडासाठी मशीन बाहेरच्याच खोलीत असायचं. फाटलेला झगा त्यांच्या मांडीवर होता, उसवलेली बाजू आत दुमडलेली. शाळेच्या नाटकांचे कपडे त्या फार वर्षांपासून शिवत आल्या होत्या. या वेळी नातींसाठी त्यांनी मुद्दाम एकाच ताग्यातून, एकाच मापाचे दोन झगे बेतले. "उद्या कुणी माझ्याकडे बोट दाखवायला नको," म्हणाल्या. फरक काय तो एकच. या घरात कपडे एकत्र धुतले जायचे, तेव्हा कुठल्या भावाच्या पातीचे ते ओळखू यावेत म्हणून त्या प्रत्येक कपड्याच्या गळ्याला आतून एक टाका घालायच्या. थोरल्या पातीला लाल, धाकट्या पातीला निळा. झबल्यापासून चादरीपर्यंत.

"खाई त्याला खवखवे," नणंद कोपऱ्याकडे बघत म्हणाली. "बघा ना, मोठ्या वहिनी आज कशा गप्प आहेत. एरवी फाटकाशी चार आया गोळा करून बोलत असतात, तेव्हा तोंडाला खळ नसतो."

कोपऱ्यातल्या पाटावर थोरली बसली होती. थोरली आणि पाट! एवढ्या आडव्या अंगाची, मोठ्यानं हसणारी, कुठंही गेली तरी मधल्या खुर्चीवर बसणारी बाई. तिचे डोळे सुजले होते.

"मी उसवीन? मी?" ती म्हणाली. "अगं, मनीच्या दाढा आल्या तेव्हा पोरगी कुणाच्या खांद्यावर झोपत होती? हिला विचार ना. सांग गं धाकटे, कुणाच्या?"

धाकटीनं मान खाली घातली. थोरलीच्याच खांद्यावर झोपायची. धाकटी तेव्हा तापानं पडली होती आणि नवरा असाच दूर कुठं पाण्यावर. हे सगळं खरं होतं. ती नुसतं 'हो' म्हणाली असती तरी चाललं असतं. पण ती गप्प बसली, आणि ते गप्प बसणं थोरलीच्या विरुद्ध गेलं. खोलीतल्या प्रत्येकानं ते तसंच मोजलं.

"ताई म्हणते मी तुम्हाला," ती एवढंच पुटपुटली, आणि त्याचा अर्थ तिला स्वतःलाही लागला नाही.

तिला आठवत होती ती शाळेच्या फाटकापाशीची दुपार. महागडी शाळा, महागड्या आया. त्यांच्या घोळक्यात थोरली मधोमध असायची आणि धाकटी भिंतीशी, दप्तर धरून. एकदा डॉक्टरीणबाई लांबूनच म्हणाल्या, "अहो, तुमची मनी म्हणजे मिरचीची सावलीच हो! मिरची बोलते, ही मागं उभी." सगळ्या हसल्या. थोरलीही हसली, तिला त्यात काही वाकडं दिसलंच नाही. "अगदी आईवर गेलीय!" थोरली कौतुकानं म्हणाली. धाकटीही हसली. ते हसू जे तिच्या घशात अडकलं ते कायमचं.

सावली! तिनं घरी येऊन मनीला आरशासमोर उभं केलं. "मान वर कर. आवाज पोटातून काढ. पुन्हा म्हण." रोज म्हणायला लावलं. पोरगी म्हणायची, "आई, मिरचीला खरंच माझ्यापेक्षा चांगलं येतं." त्यावर धाकटीनं एकदा तिच्या थोबाडीत मारली होती. मारली आणि स्वतःच स्वयंपाकघरात जाऊन रडली.

काल दुपारी सासूबाई जेवून आडव्या झाल्या होत्या. थोरली बाहेर गेलेली. शिवणखोलीत दोन्ही झगे शेजारी शेजारी टांगलेले. धाकटीनं गळ्याशी हात घालून लाल टाका शोधला, ब्लेड घेतलं, आणि जे काम सासूबाईंनीच तिला मन लावून शिकवलं होतं ते मन लावून केलं. मिरचीचं तिला वाईट करायचं नव्हतं हो. तिला फक्त एकदा, एकदाच, थोरलीचा चेहरा उतरलेला बघायचा होता.

आता तो समोर उतरलेला होता. आणि बघवत नव्हता.

काल शिवणखोलीतून बाहेर पडताना तिला दाराशी मनीचे शाळेचे बूट दिसले होते. पोरगी तर तालमीला गेली होती. जुने बूट असतील, असं म्हणून ती पुढं गेली.

"मग आता माझ्या मिरचीचं नाव काढणार का शाळेतून?" थोरलीचा आवाज चिरकला. "काढा. पण खोटं मी कबूल करणार नाही. मनीचं वाईट करून मला काय मिळणार होतं?"

"राणी!" नणंद म्हणाली. "दुसरं काय!"

"अगं, मिरची येऊन बोलली असती तर तशीच राणी झाली असती. तू स्वतःच मला म्हणालीस, वहिनी, तुमची पोरगी शंभर हिश्शांनी होणार. म्हणालीस की नाही?"

म्हणाली होती नणंद तसं.

हे सगळं चाललं असताना मिरची जिन्याच्या पायरीवर बसून नखं खात होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं. मोठ्यांच्या भांडणात पोरांना कोण विचारतं? पण मिरची नावासारखीच मिरची. ती एकदम उठली.

"पण तो झगा मनीचा नव्हताच," ती म्हणाली. "तो माझा होता."

"काय?" दादांनी चष्मा काढला.

"आम्ही बदलले होते. आम्ही नेहमी बदलतो. परीक्षेला पेनं बदलतो, स्पर्धेला रिबिनी. तुझं मला, माझं तुला. म्हणजे कुणाला कमी मार्क मिळाले तरी भांडण होत नाही. आजी, बघ ना गळ्यात! लाल असेल."

सासूबाईंनी झगा उलगडला नाही. नणंदेनं पुढं होऊन गळा उलटा केला. लाल टाका होता. हळूच तिनं तो सोडला आणि मागं सरली.

धाकटीला बघायची गरजच नव्हती. आपल्याकडे वळलेल्या नजरा माणसाला पाठीनंसुद्धा कळतात. आधी नणंदेची, मग दादांची. झगा मिरचीचा, म्हणजे घात मिरचीचा करायचा होता. मग मिरची पडली तर कुणाचं भलं होणार होतं? हिशेब सरळ होता. तो दादांनासुद्धा बिनचष्म्याचा दिसला.

थोरलीनं मात्र तिच्याकडे पाहिलं नाही. ती लेकीला जवळ घेऊन म्हणाली, "मग आधी का बोलली नाहीस गं?"

"मनीनं शपथ घातली होती. आणि मी तर या वेळी नकोच म्हणत होते, मला माझाच घालायचा होता. आत गेल्यावर मनीनं हट्टच धरला. माझ्या अंगातला काढून घेतला तिनं, ओढून. मी म्हटलं, वेडी आहेस का? तर म्हणाली, तुझा घातला की मला तुझ्यासारखं बोलता येईल."

धाकटीनं कप खाली ठेवला.

बूट. दाराशी होते ते जुने नव्हते.

आणि मग जे ती सकाळपासून स्वतःपासून लपवत होती, तेही वर आलं. दोन्ही झग्यांच्या कमरेला सोनेरी पट्टी होती आणि पट्टी अपुरी पडली म्हणून जोड द्यावा लागला होता. लाल टाक्याच्या झग्याला जोड डावीकडे, निळ्याच्या उजवीकडे. पट्ट्या धाकटीनंच लावल्या होत्या, मनीला शेजारी बसवून. सकाळी ती सभागृहात पहिल्या रांगेत बसली होती. मनी रंगमंचावर आली, उजेडात उभी राहिली, आणि धाकटीला दिसलं की जोड डावीकडे आहे.

तिला दिसलं होतं. भाषण सुरू व्हायच्या आधी दिसलं होतं. 'थांबा' एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण उठायचं म्हणजे, तुम्हाला कसं ठाऊक, हे सांगावं लागलं असतं. शेजारी डॉक्टरीणबाई होत्या. ती खुर्चीचे हात धरून बसून राहिली आणि देवाचा धावा करत राहिली, टाके टिकू देत, माझ्या हातचे टाके टिकू देत. मनी सबंध भाषणभर समोर बघून बोलत होती. सगळे नंतर म्हणाले, पोरगी किती धीटपणे बघत होती नाही!

"वहिनी," नणंदेनं आवाज एकदम खाली आणला. वर्गात चोर सापडला की ती असाच आणायची. "तुम्हाला काही सांगायचंय का?"

"काही सांगायचं नाहीये तिला," सासूबाई म्हणाल्या.

एवढा वेळ त्या चकार शब्द बोलल्या नव्हत्या. झग्याची घडी मांडीवर नीट करत, कुणाकडेही न बघता त्या म्हणाल्या, "माझ्या हातून झालं ते. दोन्ही झगे बरोबरच शिवत होते. एका बाजूला कच्चं घालून ठेवलं आणि पक्की टीप मारायची राहून गेली. म्हातारपण. आता डोळे कुठं पूर्वीचे राहिलेत!"

"पण आई, ब्लेडनं उसवलेलं..."

"आधी चुकली होती टीप, ती मीच उसवली. तू शाळेत शिकवतेस ना? शिवण मला कळते."

आणि काय सांगावं, सगळ्यांनी ते मानलं! मानायचंच होतं त्यांना. दादांचे खांदे खाली आले. नणंदेनं आधी कपाळाला हात लावला, मग सुटकेचं हसली. चोर नाही, घात नाही, कुणाचं नाव निघत नाही. एक म्हातारी विसरली, बस्स. उद्या शाळेत सांगायला किती सोपं! सुंठीवाचून खोकला गेला.

"मी कधीपासून म्हणतोय," दादा प्रेमानं म्हणाले, "पुरे आता हे शिवण. डोळ्यांचं ऑपरेशन करायचं टाळत आलीस तू. आज मशीन माळ्यावर ठेवून देतो, म्हणजे तुला मोहच नको."

"ठेव," सासूबाई म्हणाल्या.

"आणि शाळेचं काम मी उद्याच दुसऱ्या कुणाला द्यायला सांगते," नणंद म्हणाली. "रागावू नकोस आई, पण आता ते तुझ्यावर सोपवायचे नाहीत."

"नाही रागावत."

त्यांनी मशीनच्या चाकावरून एकदा हात फिरवला, दोन बोटांनी, धूळ बघावी तसा. तरण्या वयात कपाळ पांढरं झाल्यापासून त्यांनी या चाकावर तीन पोरं वाढवली होती. घरात कुणाशी पटेना की त्या मशीनवर बसायच्या आणि खडखडाट ऐकून पोरं गप्प व्हायची. आता दादा मशीनचा पट्टा सोडवायला लागले होते.

धाकटी उठून आत गेली. कुणी अडवलं नाही. पोरीकडे जातेय, म्हणाले.

तिनं दारावर हात ठेवला. "मनी. दार उघड."

आत हालचाल झाली, पण कडी निघाली नाही.

"कुणी केलं म्हणतायत?" मनीचा आवाज अगदी दाराशी होता. म्हणजे ती दाराला टेकूनच बसली होती, आतल्या बाजूनं.

"आजीनं. चुकून झालं म्हणाली."



"मग तू काय म्हणालीस?"

"मनी, ऐक. ज्या आईनं केलं तिच्या मुलीचं नाव काढणार आहेत. मी बोलले तर तुझी शाळा जाईल. तुझ्यासाठी मी..."

"माझ्यासाठी नको ना म्हणूस, आई."

"तू बघितलंस मला? काल?"

"पाणी प्यायला आले होते." मनीनं नाक ओढलं. "मी मिरचीला सांगणार होते. पण मग तिनं काकूला सांगितलं असतं, काकूनं सगळ्यांना. मग तुला कुणीच राहिलं नसतं. तसंही तुला कुणी नाही. म्हणून मी घातला."

"अगं, पण फाटणार हे माहीत असून..."

"मला वाटलं, तुला दिसेल." आता तो आवाज आरशासमोर शिकवल्यासारखा अजिबात नव्हता, पोटातूनही नव्हता. लहान पोरीचा होता. "डावीकडचा जोड. मला माहीत होतं तुला दिसणार. मी तुझ्याकडेच बघत होते. सगळं भाषण तुझ्याकडे बघून म्हटलं. मला वाटलं, आई उठेल."

धाकटीनं दाराला कपाळ टेकलं. आयुष्यभर ती एकटी होती असं तिला वाटत आलं होतं. लोकांनी एकटं पाडलं, नवऱ्यानं पाडलं, थोरलीच्या हसण्यानं पाडलं. पण खरं एकटेपण कशाला म्हणतात ते आज सकाळी तिच्या लेकीनं उजेडात उभं राहून सोसलं होतं, आणि तेव्हा पहिल्या रांगेत तिची स्वतःची आई बसलेली होती.

"उघड ना गं," ती म्हणाली.

कडी तशीच राहिली, तेव्हा ती वळली.

बाहेरच्या खोलीत ती परत आली तेव्हा सगळं सैल झालं होतं. थोरली पाटावरून उठून तिच्या नेहमीच्या जागी बसली होती आणि नणंद तिला, "सोडा हो वहिनी, डोकं फिरलं होतं माझं," म्हणून चहा देत होती. थोरलीनं धाकटीला बघून शेजारची खुर्ची ओढली. "ये, बस. पोरगी कशी आहे? काही खाल्लं का तिनं?" डोळे अजून लाल, पण विचारणं खरं होतं. तेच तर या बाईचं अवघड होतं, तिचं सगळं खरंच असायचं.

धाकटी बसली. खुर्ची ऊबदार होती. दादांनी मशीन उचललं, मिरचीनं खालचा पाय धरला, सासूबाई मोकळ्या झालेल्या जागेकडे बघत बसल्या. दोन मिनिटं अशीच गेली असती तर मशीन माळ्यावर गेलं असतं, दिवा लागला असता, पानं वाढली असती, आणि हे सगळं एक जुनी गोष्ट होऊन गेलं असतं. म्हातारीचे डोळे गेले तेव्हाची गोष्ट. लोक हसले असते.

सासूबाईंनी मान वर केली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, ताकीद होती. बस तू. बसून राहा.

धाकटी उठली.

"दादा, मशीन खाली ठेवा."

"अगं, पण आईच म्हणाली ना..."

"आई खोटं बोलतायत. त्यांची टीप कधी चुकत नाही. उसवलं मी."

मिरचीच्या हातून मशीनचा पाय सुटला. थोरलीचा कप ओठांपाशी तसाच राहिला. नणंद काहीतरी बोलायला गेली, पण धाकटीला तिचं ऐकू आलं नाही. तिचे कान मागं होते, आतल्या खोलीच्या दाराकडे. कडी निघते का, एवढंच ती ऐकत होती.

कडी निघाली नाही.

मग तिनं खुर्ची मागं सारली आणि थोरलीकडे तोंड करून, काल दुपारपासून सांगायला सुरुवात केली.